बॉयलरतात्यांची औषधाची वही

साबणाच्या कारखान्यात चौतीस वर्षं बॉयलर सांभाळलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? बॉयलरतात्या. खरं नाव पगाराच्या यादीत होतं, ते तिथंच राहिलं. बायकोसुद्धा शेजारणीला सांगायची, "आमचा बॉयलर आज सकाळपासून तापलाय, चहा मागायला येऊ नकोस," आणि दोघी हसून बेजार व्हायच्या.

तात्या उंचीला बेताचे, अंगानं वाळकुडे, पण कान असे तल्लख की विचारू नका. एकदा रस्त्यावरच्या चहाच्या टपरीशी उभे होते. किटली उकळत होती. तात्या टपरीवाल्याला म्हणाले, "तुझ्या किटलीच्या बुडाला भेग पडलीय." टपरीवाला म्हणाला, "काका, चहा घ्या आणि पुढं व्हा." चौथ्या दिवशी किटली गळायला लागली. त्या दिवसापासून टपरीवाला नवीन भांडं घेतलं की आधी तात्यांना ऐकवायचा. तात्याही डोळे मिटून, मान तिरपी करून ऐकायचे, जणू गवयाची परीक्षा घ्यायला बसलेत.

तर बॉयलरखोलीत एक वही असते. दर तासाला वाफेचा दाब किती, पाणी किती, आणि शेवटच्या रकान्यात काही बिघाड असेल तर तो लिहायचा. तात्यांच्या वहीत तो रकाना चौतीस वर्षं एकाच शब्दानं भरलेला. नॉर्मल. एकदा सरकारी तपासनीस आला, पानं उलटून उलटून थकला आणि म्हणाला, "अहो, एकही बिघाड नाही? तुम्ही माणूस आहात की जादूगार?"

तात्या म्हणाले, "साहेब, वायसर गळाला तर मी बदलतो. झडप अडकली तर मोकळी करतो. जे माझ्या हातानं सुधारलं तो बिघाड कसला? हाताबाहेर गेलं की लिहीन."

तपासनीस हसला आणि सही करून गेला. पण तात्यांच्या मनात हा नियम असा पक्का बसला की जणू छापील पुस्तकातलाच आहे.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. बॉयलरच्या तळाशी गाळ साचतो. रोज ठरल्या वेळी खालची झडप उघडून तो गाळ थोड्या पाण्यासकट बाहेर सोडायचा, त्याला ब्लो-डाऊन म्हणतात. धडाधड आवाज होतो, नवा माणूस घाबरून पळतो, पण तो बिघाड नव्हे. ती बॉयलरची तब्येत. कारखान्यात त्याची नोंद शब्दांत करायची पद्धत नव्हती. पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक बारीक रेघ ओढायची. दोन वेळा सोडला तर दोन रेघा.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी तात्यांना खोकला लागला, तो काही जाईना. उजव्या फुप्फुसात गाठ निघाली. कॅन्सर. नेहमीची औषधं सलाइनमधून झाली, केस गेले, परत आले, आणि वर्षभरानं गाठही परत आली. तात्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर, अडतीस पायऱ्या. पूर्वी गॅसची टाकी खांद्यावर घेऊन चढणारा माणूस आता तीन ठिकाणी थांबायचा. पहिला थांबा विजेच्या मीटरांपाशी, दुसरा खिडकीपाशी, आणि तिसरा आपल्याच दाराबाहेर, म्हणजे बायकोला धाप ऐकू जाऊ नये.

बायको आतून ओरडायची, "अहो, आत येऊनच थांबा की! दार काय परक्याचं आहे?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी एक दिवस दोघांना समोर बसवलं. चाळिशीतल्या, हळू बोलणाऱ्या, बोलताना पेनचं टोपण काढघाल करायची सवय. म्हणाल्या, "एक नवीन गोळी आहे. माणसांना द्यायला आत्ताच सुरुवात झालीय. तुमच्या गाठीच्या तपासणीत जो दोष दिसतो, त्याच्यावरच ती काम करेल असा अंदाज आहे. पण गुण येईलच असं मी म्हणत नाही हं. आधी आम्हाला हे बघायचंय की माणसाला ती किती झेपते."

"म्हणजे कसं?"

"तीन-तीन जणांचे गट. पहिल्या तिघांना अगदी कमी ताकदीची दिली. अठ्ठावीस दिवस पाहिलं, ठीक गेलं. आता दुसऱ्या तिघांना, म्हणजे तुमच्या गटाला, थोडी वाढवायची. त्यांना झेपली की तिसऱ्या गटाला आणखी वाढवायची."

तात्या खुर्चीत पुढं सरकले. "नवा बॉयलर पहिल्यांदा पेटवतात तसं! एकदम दाब चढवायचा नाही. थोडा चढवायचा, थांबायचं, सगळे सांधे बघायचे, मग पुढं."

डॉक्टरीणबाईंचं टोपण हातातच राहिलं. "अगदी तसंच. आता मी सगळ्यांना असंच सांगणार."

तात्यांची छाती फुगली, जेवढी त्या दिवसांत फुगू शकत होती तेवढी.

संमतीचा फॉर्म चोवीस पानांचा. बायकोनं स्वयंपाकघराच्या टेबलावर तीन संध्याकाळी बसून मोठ्यानं वाचला. एका पानावर होतं की त्रास जास्त झाला तर गोळी थांबवली जाऊ शकते. तात्या म्हणाले, "ते परत वाच." बायकोनं परत वाचलं. तात्यांनी नुसता कान खाजवला. चौथ्या दिवशी जाऊन सही केली.

संशोधनाचा विभाग म्हणजे लांब व्हरांड्याच्या टोकाची एक खोली. मागं कलणाऱ्या चार खुर्च्या, वजनकाटा, हृदयाचा आलेख काढायचं यंत्र, गोळ्यांचं कुलूपबंद कपाट आणि भिंतीवर भलं मोठं घड्याळ. तिथली सिस्टर तरतरीत, तोंडानं फटकळ, हातानं हलकी. पहिल्या दिवशी गोळी घेतल्यापासून अर्ध्या तासानं, तासानं, दोन तासांनी असं संध्याकाळपर्यंत रक्त काढायचं होतं, म्हणून तिनं हातात एक सुई बसवूनच ठेवली.

"सँपल काढायची तोटी बसवलीत होय?" तात्या म्हणाले.

"तोटी म्हणा, नळ म्हणा, हात मात्र हलवू नका."

"आमच्याकडे पाण्याचं सँपल दिवसातून एकदा घ्यायचे. तुमचा बॉयलर मोठा संशयी."

"माझा नाही, तुमचाच बॉयलर आहे तो. आणि ही घ्या वही." सिस्टरनं पातळशी वही पुढं केली. "रोज गोळी किती वाजता घेतली ते लिहायचं. आणि इथं, काही त्रास झाला तर तो. काहीही. कितीही लहान."

वही! तात्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. निवृत्त झाल्यापासून कुणी त्यांच्या हातात वही दिली नव्हती.

आता ऐका, पहिले दहा दिवस कसे गेले. आठव्या दिवशी खोकला कमी झाला. दहाव्या दिवशी तात्या पायऱ्या चढले ते फक्त खिडकीपाशी थांबून. मीटरांपाशी थांबायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. वर पोचल्यावर आठवलं, तसे परत खाली जाऊन खात्री करायला निघाले होते, बायकोनं सदरा धरून मागं ओढलं. "वेड लागलंय का तुम्हाला?" ती म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते.

आणि अकराव्या दिवशी पोट सुटलं.

एकदा, दोनदा, पाचदा. दुसऱ्या दिवशी आठदा. तिसऱ्या दिवशी नऊदा. बायको बाहेरून म्हणाली, "अहो, तुमचा मुक्काम आता आतच का? उशी देऊ?"

"ब्लो-डाऊन आहे!" आतून उत्तर आलं. "औषध गाळ बाहेर काढतंय!"

"गाळ निघतोय की तुम्हीच निघताय वाहून? सिस्टरला फोन करते मी."

"खबरदार! हे माझ्या हातातलं काम आहे."

आणि हातातलं काम त्यांनी केलंसुद्धा. बॉयलरमधून जेवढं पाणी गेलं तेवढं भरायचं हा धर्मच. मीठ-साखरेचं पाणी तांब्यानं प्यायले. मऊ भात खाल्ला. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडून पोट बांधायच्या गोळ्या आणल्या. तोंडात फोड आले, त्यांना मध लावला. पाचेक दिवसांनी गाडी चार-पाच वेळांवर आली. वहीत रोजच्या रोज स्वच्छ अक्षरात नॉर्मल, नॉर्मल, नॉर्मल. आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या बारीक रेघा. आठ झाले तर आठ, नऊ झाले तर नऊ. इतकी वर्षांची सवय, हात आपोआप जायचा.

तुम्ही म्हणाल, एवढं भोळं कोण असतं? मीही तेच म्हणेन. मनाच्या एका कोपऱ्यात तात्यांना ठाऊक होतं की माणसाचं पोट म्हणजे काही बॉयलर नव्हे. पण त्याच मनाच्या दुसऱ्या कोपऱ्यात चोवीस पानांतलं ते एक पान उघडं पडलेलं होतं. गोळी थांबवली जाऊ शकते. आणि गोळी थांबली तर मीटरांपाशी पुन्हा थांबावं लागणार.

पंधराव्या दिवशी रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या, "पोटॅशियम जरा खाली आलंय. पोट कसं आहे?"

"तुंबलेलं नाही," तात्या म्हणाले.

बायको शेजारी बसली होती. तिनं तात्यांच्या पायावर पाय दिला. तात्यांनी पाय काढून घेतला. पोटॅशियम केळ्यात असतं एवढं बाईंच्या तोंडून कळताच त्या दिवसापासून घरात रोज केळी यायला लागली.

"मी काही बोलणार नाही," घरी आल्यावर बायको म्हणाली. "तुमची वही, तुमचं पोट. पण त्या बाई तुमच्या तोंडाकडे बघून विश्वास ठेवत होत्या, मला बघवलं नाही." आणि दोन दिवस खरंच बोलली नाही. केळी मात्र मोजून पुढं ठेवायची, दाणकन.

बाविसाव्या दिवशी तात्या एकटेच दवाखान्यात गेले. बायकोनं येणार नाही म्हणून सांगितलं. खोलीत शेजारच्या खुर्चीवर एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, काटकुळ्या, गळ्यात मापाची टेप तशीच अडकवून आलेल्या. सिस्टरनं ओळख करून दिली, "या शिवणवाल्या ताई. पुढच्या गटात यायचा विचार आहे त्यांचा, आज तपासण्या आहेत. ताई, हे आमचे बॉयलरतात्या." आणि नळ्यांचा ट्रे घेऊन ती पलीकडे गेली.

ताईंनी गळ्यातली टेप काढून पिशवीत टाकली. "दुकानातून तशीच उठून आले. दादा, तुम्ही ही गोळी घेताय ना?"

"बाविसावा दिवस."

"मला तुमच्यापेक्षा जास्त ताकदीची मिळेल म्हणे. तुम्हाला झेपली तर. वजन माझं एकोणचाळीस किलो. काट्यावर उभी राहिले तर काटा हलतो का नाही ते बघायला सिस्टर वाकली होती." स्वतःच हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "खरं सांगा. काही झालं का तुम्हाला?"

तात्यांच्या तोंडावर शब्द तयारच होता. "नॉर्मल."

"काहीच नाही?"

"नॉर्मल."

ताईंनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. त्यातच त्यांना खोकला आला, पण त्या खोकतानाही हसतच होत्या. "सुटले बाई! घरात मी आणि माझी सून, दोघीच. ती म्हणते, नका घेऊ. मी तिला म्हटलं, माझ्या आधीच्या माणसाला विचारते आणि ठरवते. झालं. ठरलं. आता तिला सांगते, एक दादा आहेत, वयानं मोठे, ठणठणीत."

समोर भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. तात्यांना दिसायला लागलं की एकोणचाळीस किलोच्या अंगातून दिवसाला नऊ वेळा पाणी गेलं, तर मागं काय उरेल? आणि नऊवर तरी कुठं थांबायचं, दाब तर आणखी चढवणार. कशाच्या भरवशावर? काटा बघून. आणि काटा म्हणजे ते स्वतः. चौतीस वर्षं त्यांनी कितीतरी गोष्टी आपल्या हातानं सुधारल्या, वहीत न लिहिता. पण दाबाचा काटा त्यांनी एकदाही खोटा लिहिला नव्हता. खोट्या काट्यावर दुसऱ्याचा बॉयलर पेटवायचा?

"सिस्टर," त्यांनी हाक मारली. आवाज जरा चढाच निघाला. "इकडे या. वही आणा माझी."

"आलेच. एवढं काय?"

"आत्ता या."

सिस्टर आली. तात्यांनी वही उघडली आणि पानाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे काय आहे माहीत आहे?"

"पेन्सिलीच्या रेघा. मला वाटलं, टोक करून बघता. मी खोडायलाही गेले होते एकदा."

"बरं झालं खोडल्या नाहीत. मोजा."

सिस्टरनं मोजल्या. "आठ."

"तितक्या वेळा जुलाब. पुढचं पान बघा, नऊ. त्याच्या पुढं परत आठ. तोंडात फोड होते. औषधवाल्याकडून गोळ्या आणून घेतल्या, हे त्याचं पाकीट." त्यांनी खिशातून चुरगळलेलं पाकीट काढून ट्रेमध्ये ठेवलं. "आणि पोटॅशियम वर आलं असेल तर ते केळ्यांनी."

सिस्टर खाली बसली. फटकळ तोंडातून निघालं ते एवढंच, "तात्या, अहो तात्या..."

शिवणवाल्या ताई एकदा तात्यांकडे, एकदा वहीकडे बघत होत्या. "म्हणजे नॉर्मल नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही ताई," तात्या म्हणाले. "मघाशी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

ताईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

डॉक्टरीणबाई आल्या. सिस्टरनं सगळं सांगितलं, त्यांनी पानागणिक रेघा मोजल्या आणि आपल्या कागदावर उतरवून घेतल्या. तात्या मान खाली घालून बसले होते, शाळेत पाटी फोडलेल्या पोरासारखे. त्यांना वाटलं, आता फैरी झडणार.

"रागावले नाहीये मी," बाई शेवटी म्हणाल्या. "घाबरले. तुमचे अठ्ठावीस दिवस संपले की आमची बैठक होती. तुमच्या वहीत काहीच नाही म्हणून आम्ही वरच्या ताकदीला हो म्हणणार होतो. मला सांगा, का नाही लिहिलंत?"

"गोळी थांबवाल म्हणून." तात्यांनी सरळ सांगून टाकलं. "आणि माझ्या हातानं आवरलं होतं, म्हणूनही."

"तुम्ही आवरलंत हेच तर आम्हाला कळायला हवं. कशानं आवरलं, किती दिवसांत आवरलं. पुढच्या माणसाला आधीच सांगता येतं ना." बाईंनी टोपण लावलं. "गोळी आजपासून बंद."

तात्यांनी मान हलवली. त्यांना ते येणार हे माहीतच होतं. तेवढ्यात बाई पुढं म्हणाल्या, "सध्या. पोट ठिकाणावर आलं की एक पायरी कमी ताकदीची देता येते का, ते मी विचारते. नियमात बसतं. पण वचन देत नाही."

घरी जाताना तात्या खिडकीपाशी थांबले आणि बराच वेळ थांबले. दार बायकोनं आधीच उघडून ठेवलं होतं. त्यांनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग केळ्यांची फणी उचलून कपाटात ठेवली. "आता भूक लागेल तेव्हा खा," म्हणाली. त्या आठवड्यात ती पहिल्यांदाच धड बोलली होती.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. बैठक झाली. ताकद वाढवायची नाही असं ठरलं. तात्यांना आधी दिलेल्या ताकदीवरच आणखी तिघांना घेऊन बघायचं, आणि त्या तिघांना पहिल्या दिवसापासून पोट बांधायच्या गोळ्या आणि त्या कधी घ्यायच्या याचा कागद हातात द्यायचा. तात्यांना बारा दिवसांनी कमी ताकदीची गोळी मिळाली. आठ आठवड्यांचा स्कॅन निघाला, गाठ मोठी झालेली नव्हती, थोडी आकसलीच होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "यापेक्षा जास्त मी आज काही बोलणार नाही." तात्यांना तेवढंही पुष्कळ होतं.

वहीचं मात्र उलटंच झालं. तात्या आता एवढं लिहायला लागले की सिस्टर वैतागली. "सकाळी सात दहा, एक ढेकर. सात वीस, आणखी एक, पहिल्यापेक्षा लहान. तात्या, हे काय आहे?"

"काहीही, कितीही लहान, असं तुम्हीच म्हणालात."

"म्हणाले होते बाई. माझंच चुकलं."

शिवणवाल्या ताई मधे आल्याच नव्हत्या. सिस्टरला विचारलं तर ती म्हणायची, "त्यांचं त्या ठरवतील." तात्यांनाही दोष द्यावासा वाटला नाही. पण एका सकाळी ते खोलीत गेले तर ताई खुर्चीत बसलेल्या, हातात सुई बसवलेली, शेजारी सून उभी. सुनेनं तात्यांकडे असं पाहिलं की तात्यांना वाटलं, चपलांबरोबर आपणही बाहेरच राहिलो असतो तर बरं झालं असतं.

"या दादा," ताई म्हणाल्या. "मी तुमचीच वाट बघत होते. फॉर्म वाचलाय, बाईंनी समजावलंय. पण अंगावर काढलेल्या माणसाकडून ऐकायचंय. या वेळी सगळं. हिच्यासमोर."

तात्या बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. अकराव्या दिवशी कसं सुरू झालं, कितीदा, पाय कसे गळाले, तोंडात फोड कुठं आले, मधानं फरक पडला की नाही. लाजण्यासारखं होतं तेही सांगितलं. सून आधी भिंतीकडे बघत होती, मग कागद काढून लिहून घ्यायला लागली. मधेच विचारायची, "मीठ किती? साखर किती?" तात्या सांगायचे.

"एवढं सगळं?" ताई म्हणाल्या.

"एवढं."

"आणि तरी घेताय?"

"कमी ताकदीची. आणि अडतीस पायऱ्या एकदाच थांबून चढतोय. ते तुमचंही होईल असं मी म्हणत नाही हं. ते मला माहीत नाही."

"आणि मला नवाच्या जागी दहा झाले तर?"

"तर सिस्टरला फोन. पाचालाच करा, दहाची वाट बघू नका. आणि फोन त्यांना, मला नाही. मी केळी खा म्हणून सांगेन."

सुनेला हसू आलं. ते तिनं दाबलं, पण तात्यांना दिसलं. ताईंनी तिच्याकडे पाहिलं. सुनेनं हातातल्या कागदाची घडी घातली आणि ती म्हणाली, "तुम्ही ठरवा, आई. मी लिहून घेतलंय सगळं."

ताईंनी सिस्टरकडे पाण्याचा पेला मागितला. गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यायल्या, घड्याळात बघितलं आणि वही मांडीवर ओढून घेऊन स्वतःच्या हातानं वेळ लिहिली.